नळीतून प्रोटीन किती जातंय? आयसीयूतल्या जेवणाबद्दल तुमचे प्रश्न

गेल्या अंकात आयसीयूतल्या पेशंटच्या जेवणाबद्दल मी चार ओळी लिहिल्या होत्या, त्यावर निपाणीपासून खानापूरपर्यंत इतके मेसेज आणि पत्रं आलीत की या वेळचा सगळा कॉलम त्यालाच दिलाय. बहुतेक पत्रांत काळजी एकच, आमच्या माणसाला उपाशी ठेवलंय का, आणि प्रोटीन वाढवलं तर तो लवकर उठेल का. नावं छापत नाही, फक्त गाव लिहिलंय. मी आहारतज्ज्ञ आहे, बेळगाव भागातल्या आयसीयूत काम करते, पण तुमच्या पेशंटची फाईल माझ्यासमोर नाही, तेव्हा इथलं वाचून बेडजवळच्या डॉक्टरांशी बोला, परस्पर काही घालू नका की थांबवू नका.

प्रश्न (निपाणी): मॅडम, वडील ६४ वर्षांचे. न्यूमोनिया होऊन इन्फेक्शन रक्तात गेलं, पाच दिवस झाले बेळगावात आयसीयूत व्हेंटिलेटरवर आहेत. नाकातल्या नळीतून तासाला ४० मिली पांढरं दुधासारखं काहीतरी घालायलेत. आयुष्यभर तंबाखूच्या वखारीत काम केलेला गडी, वजन ६५ किलो, आता हातपाय पार वाळलेत, बघवत नाही. गावातली जिमला जाणारी पोरं सांगायलेत की डबल प्रोटीन पावडर द्या म्हणून. घरून अंडी, मटणाचं सूप पाठवलं तर चालेल का?

दादा, हातपाय वाळलेत हे तुम्ही बरोबर बघितलंय, तो भास नाही. इन्फेक्शन एवढं मोठं असलं की शरीराला लगेच प्रोटीन लागतं, पांढऱ्या पेशी वाढवायला, लिव्हरमध्ये इन्फेक्शनशी लढणारी प्रोटीन्स तयार करायला, आणि साखर कमी पडली की ती बनवायलासुद्धा, आणि हे सगळं शरीर स्वतःच्या स्नायूतून काढून घेतं. त्यात माणूस हलत नाही, झोपेच्या औषधावर पडून आहे. इंग्लंडमध्ये ६३ आयसीयू पेशंटच्या मांडीचा स्नायू सोनोग्राफीनं मोजून बघितला होता, २०१३ साली ते छापून आलं, दहा दिवसांत स्नायूच्या आडव्या छेदाचा आकार सरासरी जवळजवळ १८ टक्क्यांनी कमी झालेला होता, आणि ज्यांचे एकापेक्षा जास्त अवयव बिघडले होते त्यांचा त्याहून जास्त. म्हणजे तुम्ही बघताय ते जगात सगळीकडे होतं, तुमच्या हॉस्पिटलनं काही कमी केलं म्हणून झालंय असं लगेच समजू नका.

आता हिशेब करू. साध्या फीडमध्ये, म्हणजे नळीतून देतात त्या पातळ जेवणात, एका लिटरला अंदाजे ४० ग्रॅम प्रोटीन असतं, हाय प्रोटीन फीड असेल तर ६० च्या पुढं. तासाला ४० मिली म्हणजे २४ तासांत ९६० मिली, म्हणजे साधं फीड असेल तर ३८ ग्रॅमच्या आसपास प्रोटीन जातंय. वडिलांचं वजन ६५ किलो, म्हणजे किलोमागं ०.६ ग्रॅम. आयसीयूतल्या पेशंटला किती हवं? अमेरिकेतल्या तज्ज्ञांच्या संस्था किलोमागं १.२ ते २ ग्रॅम म्हणतात, युरोपातली संस्था १.३ म्हणते, आपल्या भारतातल्या क्रिटिकल केअर डॉक्टरांच्या संस्थेनं पण २०१८ मध्ये १.२ ते २ असंच लिहिलंय. धडधाकट माणसाला एनआयएनच्या (हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या) हिशेबानं ०.८३ लागतं, त्यावरून बघा फरक किती आहे. ६५ किलोला १.२ धरलं तर ७८ ग्रॅम होतात. मग निम्मंच मिळतंय म्हणून भांडायला जायचं का? नाही, कारण हे हळूहळूच वाढवायचं असतं, पहिल्या दिवशी पूर्ण डोस कोणी देत नाही आणि देऊही नये. पण पाचवा दिवस आहे, त्यामुळं ‘फीड उद्या किती करणार, प्रोटीन किती ग्रॅमपर्यंत नेणार’ हे विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. पडलेलं बीपी वर ठेवायची औषधं कमी होत आली असतील आणि पोट घेत असेल तर पुढच्या दोन-तीन दिवसांत फीड वाढायला पाहिजे किंवा त्यात प्रोटीनची जादा पावडर मिसळायला पाहिजे, ते तिथली डायटिशियन ठरवेल.

जिमच्या पोरांचं म्हणणं मात्र इथं लागू होत नाही, आणि हे मी जरा जोर देऊन सांगते कारण प्रत्येक दुसऱ्या पत्रात हेच आहे. डबल प्रोटीन देऊन बघितलेलं आहे. १६ देशांतल्या ८५ आयसीयूत तेराशे पेशंटवर अभ्यास झाला, २०२३ ला आला, अर्ध्यांना किलोमागं २.२ ग्रॅम किंवा जास्त आणि अर्ध्यांना १.२ पर्यंत असं ठरवून दिलं. जास्तवाले काही लवकर घरी गेले नाहीत, आणि ज्यांची किडनी बिघडलेली होती त्यांना जास्त प्रोटीननं नुकसान होत असावं असं दिसलं. मग २०२४ मध्ये नेदरलँड्स आणि बेल्जियममधला आला, ९३५ पेशंट, १.३ विरुद्ध २ ग्रॅम, त्यात तर जास्त प्रोटीन मिळालेल्यांची पुढच्या सहा महिन्यांतली तब्येत, हिंडणं-फिरणं, रोजची कामं वगैरे सगळं धरून, कमी प्रोटीनवाल्यांपेक्षा खालची निघाली. जिममध्ये पोरगा वजन उचलतो, स्नायूला काम मिळतं, मग प्रोटीन तिथं जाऊन बसतं. तुमचे वडील सूज (बाहेरून दिसते ती नाही, आजारानं शरीरात आतून पेटलेला दाह) आणि तापात पडून आहेत, या अवस्थेत स्नायू प्रोटीन घ्यायलाच तयार नसतो, आणि जास्तीचं प्रोटीन युरिया होऊन किडनीवर येतं. म्हणून मधलं माप, १.२-१.३ च्या आसपास, हळूहळू चढवत न्यायचं, आणि सोबत फिजिओथेरपी. बेशुद्ध पेशंटचेसुद्धा हातपाय हलवून घेतात, ते रोज होतंय का तेवढं बघा, मला विचाराल तर पावडरीच्या डब्यापेक्षा त्यावर लक्ष ठेवलेलं बरं.

मटणाचं सूप पाठवू नका. सूपात मटणाची चव उतरते, प्रोटीन बहुतेक सगळं फोडीतच राहतं, आणि चरबी-मसाल्यानं नळी चोंदते ती वेगळीच. तुमच्याकडून आम्हाला खरी मदत हवी असते ती दुसरीच, आजारी पडायच्या आधीचं खरं वजन सांगा आणि ॲडमिट व्हायच्या आधी आठवडाभर ते किती जेवत होते ते सांगा. आयसीयूत सलाईन भरून अंगावर पाणी चढतं, तिथलं वजन खोटं असतं, आणि वजन चुकलं की सगळा हिशेब चुकतो.

प्रश्न (खानापूर): सासऱ्यांना पोटात आतडं फुटून इन्फेक्शन झालं, ऑपरेशन झालं, बीपी पडलेलं होतं. पहिले दोन दिवस नळीतून एक घोट पण नाही, फक्त सलाईनवर ठेवलं. घरातली बायकामाणसं रडायलेत, अन्नावाचून माणूस मारतील म्हणून. सलाईनमध्ये ताकद असते ना?

ताई, आधी सलाईनचं. साधी सलाईन म्हणजे मिठाचं पाणी, त्यात ताकद शून्य. ग्लुकोजची म्हणतात ती पाच टक्क्यांची ५०० मिलीची बाटली, त्यात २५ ग्रॅम साखर, म्हणजे शंभर कॅलरीसुद्धा भरत नाहीत, आणि प्रोटीनचा कण नाही. सलाईन बीपी आणि पाण्यासाठी असते, तिला जेवण समजू नका, आणि बरं झालेला माणूस ‘ताकदीसाठी दोन सलाईन लावा’ म्हणून दवाखान्यात जातो त्यालाही मी हेच सांगते.

पण पहिले दोन दिवस उपाशी ठेवलं म्हणून मारलं असं होत नाही हो. बीपी पडलेलं असताना, ते वर ठेवायला औषधांचा मोठा डोस चालू असताना आतड्याकडं रक्त कमी जातं, अशात फीड घातलं तर आतड्याला पचवायचं काम पडतं आणि क्वचित आतडं काळं पडण्यापर्यंत जातं. फ्रान्समधल्या ६१ आयसीयूत तीन हजारांवर शॉकमधल्या (असं बीपी पडलेल्या) पेशंटवर हे तपासलं, २०२३ मध्येच, एका गटाला पहिला आठवडा किलोमागं फक्त ६ कॅलरी आणि प्रोटीन पण अगदी थोडं, दुसऱ्याला २५ कॅलरी आणि एक ग्रॅमच्या वर प्रोटीन. मृत्यू दोन्हीकडं सारखेच, आणि कमी खाल्लेल्यांना उलट्या, जुलाब, आतड्याचा त्रास कमी झाला, आयसीयूतून बाहेर पडायला पण ते आधी तयार झाले. त्यामुळं शॉकमध्ये थोडं थांबणं हा निष्काळजीपणा धरू नका. बीपी सावरलं की साधारण ४८ तासांच्या आत थोडं थोडं फीड चालू करायचं हा नियम. तुमच्या सासऱ्यांचं आतडं शिवलंय म्हणजे सर्जनचा शब्द शेवटचा, पण तिसरा-चौथा दिवस उलटला आणि अजून काहीच नाही तर विचारा, कारण लांबत गेलेली उपासमार ही वेगळी गोष्ट आहे आणि ती चालणार नाही.

शिरेतून जेवण देतात ते का नाही, असं पण तुम्ही पुढं लिहिलंय. देता येतं, नळीतून बरेच दिवस जमणारच नसेल तर देतातच. घाई मात्र नको, बेल्जियममध्ये ४६४० पेशंटवर २०११ मध्ये बघितलं की शिरेतलं जेवण पहिल्या दोन दिवसांत चालू केलं त्यापेक्षा आठव्या दिवसापर्यंत थांबून केलं त्यांना इन्फेक्शन कमी झालं.

प्रश्न (अथणी): मेव्हणा ऊसतोडीला होता, घोणस चावली. इंजेक्शनं मिळाली, जीव वाचला पण लघवी बंद झाली, एक दिवसाआड डायलिसिस करायलेत. घरी सगळे म्हणायलेत किडनीला प्रोटीन चालत नाही, डाळ अंडी सगळं बंद करा. हॉस्पिटलवाले उलटं अंडी खा म्हणतात. कोणाचं ऐकायचं?

हॉस्पिटलचं ऐका. किडनीवाल्यानं डाळ कमी खावी हे जे आपण ऐकत आलोय ते वर्षानुवर्षं हळूहळू किडनी खराब होत चाललेल्या आणि डायलिसिसवर नसलेल्या पेशंटसाठी आहे. तुमच्या मेव्हण्याची किडनी विषानं अचानक बंद पडलीय, शरीर सगळं जखमी आहे, आणि डायलिसिस चालू आहे. डायलिसिसच्या मशीनमधून घाण जाते तशी प्रोटीनचे तुकडे असलेली अमिनो ॲसिड्सपण निघून जातात, एका वेळेला काही ग्रॅम, आणि मोठ्या हॉस्पिटलात चोवीस तास चालणारं डायलिसिस असतं त्यात तर दिवसाला १०-१५ ग्रॅम. म्हणून किडनीच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांत २०१२ पासून लिहिलंय की डायलिसिसवरच्या अशा पेशंटला किलोमागं १ ते १.५ ग्रॅम द्या, चोवीस तासांच्या मशीनवर असेल तर १.७ पर्यंत, आणि डायलिसिस टाळण्यासाठी म्हणून प्रोटीन तोडू नका. मात्र दोनाच्या वर पळायचं नाही, वर निपाणीच्या उत्तरात सांगितलंय तसं बिघडलेल्या किडनीला जास्तीचा मारा सोसत नाही.

एक मात्र नक्की पाळा. भेटायला येणारे शहाळं घेऊन येतात, ते त्याच्या तोंडाला लावू नका. लघवी बंद असलेल्या माणसाला शहाळ्यातलं पोटॅशियम हृदय बंद पाडू शकतं. केळी, संत्र्याचा रसपण डॉक्टर हो म्हणेपर्यंत नको.

ऊसाच्या फडात घोणस, मण्यार हे आपल्याकडं दर हंगामाला आहे, आणि विष उतरल्यावर पेशंटनं काय खायचं हे घरच्यांना कोणी नीट सांगत नाही, म्हणून या पत्राला एवढं लांब उत्तर दिलं.

प्रश्न (चिकोडी): आईचं अल्ब्युमिन २.१ आलंय. डॉक्टरांनी अल्ब्युमिनच्या बाटल्या आणायला सांगितल्या, एक-एक बाटली काही हजाराला. हे प्रोटीनच आहे ना, मग रोज चार अंड्यांचं पांढरं दिलं तर तेच होईल ना? कच्चं नळीतून घालता येतं का?

अल्ब्युमिन हे लिव्हर बनवते ते रक्तातलं प्रोटीन, ते कमी म्हणजे जेवण कमी पडलं असं आपण सगळे धरून चालतो, बरेच डॉक्टरसुद्धा अजून तसं म्हणतात, पण गंभीर आजारात तो आकडा जेवणाचा नसतोच, तो सूजेचा असतो. इन्फेक्शन चढलं की लिव्हर अल्ब्युमिन बनवायचं कमी करून दुसरी प्रोटीन्स बनवायला लागते आणि रक्तवाहिन्यांतून अल्ब्युमिन बाहेर झिरपतं. आजार उतरला की आकडा आपोआप चढतो, पण हळू, कारण एकदा बनलेलं अल्ब्युमिन तीन आठवड्यांच्या आसपास टिकतं, दोन दिवसांत अंडी खाऊन ते वर येणार नाही.

बाटलीचं म्हणाल तर १०० मिलीच्या वीस टक्क्यांच्या बाटलीत २० ग्रॅम अल्ब्युमिन असतं, आणि ते स्नायू भरायला म्हणून देत नाहीत, तसं देऊन उपयोगही नाही. लिव्हर सिरॉसिसमध्ये पोटातलं पाणी मोठ्या प्रमाणात काढलं, किंवा त्या पाण्यात इन्फेक्शन झालं, अशा वेळी ते खरंच लागतं आणि त्यानं जीव वाचतो, तेव्हा नाही म्हणू नका. फक्त आकडा कमी आहे म्हणून आणायला सांगत असतील तर ‘कशासाठी देताय, न दिलं तर काय होईल’ एवढं शांतपणे विचारा. शेत गहाण टाकून बाटल्या आणलेली घरं मी बघितलीत, आणि काही वेळा त्याची गरज नव्हती, याचं मला फार वाईट वाटतं.

अंड्याचं पांढरं चांगलंच, एका अंड्यात साडेतीन ग्रॅमच्या आसपास उत्तम प्रोटीन, पण कच्चं अजिबात नको, कच्च्या अंड्यातले जंतू आयसीयूतल्या माणसाला सोसणार नाहीत. तोंडानं खात असेल तर पूर्ण उकडून द्या.

प्रश्न (शहापूर, बेळगाव): आजोबा माळकरी आहेत, आयुष्यात अंडं शिवलं नाही. लकवा मारून आयसीयूत आहेत, नळीतून फीड देतात त्यात मांसाहारी काही असतं का? घरचंच पातळ करून दिलं तर?

हा प्रश्न लाजत लाजत विचारलाय असं पत्रावरून वाटलं, लाजायचं काही नाही, माळ घातलेल्या माणसाची इच्छा तो बोलू शकत नसताना पाळणं हे घरच्यांचं कामच आहे. बहुतेक फीडमधलं प्रोटीन दुधाचं किंवा सोयाबीनचं असतं. काही खास फीडमध्ये माशाचं तेल असतं, आणि शिरेतून देतात त्या पांढऱ्या चरबीच्या इंजेक्शनमध्ये अंड्यातला घटक असतो. डब्यावर हिरवा ठिपका बघा, आणि डायटिशियनला आजच सांगून ठेवा, फाईलवर ‘शाकाहारी’ लिहून घ्या. दूध-सोयावर पण पूर्ण प्रोटीन बसवता येतं, त्यासाठी आजोबांचं काही अडणार नाही.

घरच्या फीडबद्दल माझं मत स्पष्ट आहे, आयसीयूत असेपर्यंत नको. वरण-भात मिक्सरला लावून गाळलं की डाळ गाळणीत राहते आणि नळीत पाणी जातं, किती ग्रॅम गेले ते कोणालाच सांगता येत नाही, आणि शहापूरहून हॉस्पिटलपर्यंत डबा येईपर्यंत उन्हाळ्यात त्यात जंतू वाढतात. आपल्या देशातल्या सूचनांतही तयार फीडलाच पसंती आहे, कारण जंतूंची भीती. नळी ठेवूनच घरी सोडलं तर मात्र घरचं फीड शिकून घ्या, ते महिनोन्‌महिने विकत परवडत नाही हे मला माहितीय. ताजं करायचं, बनवल्यापासून दोन तासांत संपवायचं, देताना आणि नंतर अर्धा-एक तास डोक्याकडची बाजू वर उचललेली, आणि प्रत्येक वेळी शेवटी नळीतून २०-३० मिली स्वच्छ पाणी. आडवं झोपवून फीड दिलं की ते फुफ्फुसात जातं, घरी परत न्यूमोनिया होऊन येणारे पेशंट बरेचदा ह्याचेच.

प्रश्न (येळ्ळूर): तिथल्या सिस्टर कन्नड बोलतात, डॉक्टर इंग्लिश, आम्ही मराठी. पाच मिनिटं भेटायला मिळतात त्यात काय विचारायचं?

आकडे विचारा, आकड्यांना भाषा लागत नाही. वहीत लिहून न्या: कालच्या दिवसात फीड किती मिली गेलं, त्यात प्रोटीन किती ग्रॅम, आणि मध्ये किती वेळ थांबवलं होतं. तिसरा प्रश्न महत्त्वाचा, कारण स्कॅनला नेलं, ड्रेसिंग केलं, नळी बदलली की फीड बंद होतं आणि कधीकधी परत चालू करायचं राहून जातं, कागदावर १२०० मिली आणि पोटात ७०० असं होतं. ‘प्रोटीन एष्टु ग्राम’ एवढं विचारलं तरी सिस्टर चार्ट उघडून दाखवतात, बेळगावात बहुतेकींना मराठी समजतंही.

प्रश्न (रायबाग): भाऊ दारू पितो, दोन आठवडे नीट जेवलाच नव्हता, आता आयसीयूत आहे. एवढा सुकलाय तरी फीड अगदी थोडं द्यायलेत आणि व्हिटॅमिनची इंजेक्शनं. उलट त्याला भरपूर द्यायला नको का?

नको. बरेच दिवस उपाशी राहिलेल्या शरीरात एकदम जेवण गेलं की रक्तातलं फॉस्फेट, पोटॅशियम, मॅग्नेशियम धाडकन खाली येतं, हृदयाचे ठोके बिघडतात, श्वास कमी पडतो, माणूस दगावू शकतो. दुसऱ्या महायुद्धानंतर छावण्यांतून सुटलेल्या उपाशी कैद्यांना पोटभर जेवण मिळाल्यावर असंच झालं होतं, तिथून डॉक्टरांना हे कळलं. म्हणून आधी व्हिटॅमिन बी १, मग थोडं फीड, रोज रक्त तपासत वाढवायचं. तुमच्या भावाचे डॉक्टर बरोबर चाललेत. व्हिटॅमिनचं इंजेक्शन साधं म्हणून हसू नका, ते आधी गेलं पाहिजे.

प्रश्न (संकेश्वर): आई ५८ वर्षांची, तीन आठवडे आयसीयूत होती, आता घरी आणलंय. वजन ५० किलो. उठून बसता येत नाही, दोन घास खाते आणि नको म्हणते. शेजारचे साबुदाण्याची पेज, शहाळं, मोसंबीचा रस सांगायलेत, तेच चाललंय. ताकद कधी येणार?

ताई, हे पत्र वाचून मी थांबले, कारण माझ्या मते खरी कसर इथं राहते. आयसीयूत आम्ही ग्रॅम मोजतो, वॉर्डात निम्मे मोजतात, आणि घरी आल्यावर कोणीच मोजत नाही, आणि नेमकं आत्ताच, सूज उतरल्यावर, स्नायू प्रोटीन घ्यायला तयार झालेला असतो. साबुदाण्यात प्रोटीन जवळजवळ नाहीच, तांदळाच्या पेजेत नावाला, शहाळ्यात आणि मोसंबीच्या रसात नाही. पोट भरतं आणि स्नायूला काही मिळत नाही.

सगळ्यात आधी गिळणं बघा. व्हेंटिलेटरची नळी बरेच दिवस घशात होती म्हणून गिळताना ठसका लागू शकतो, पातळ पाण्यालाच जास्त. पाणी पिताना खोकला येत असेल, आवाज ओला घोगरा येत असेल, तर काहीही भरवायच्या आधी डॉक्टरांना दाखवा. ठसका नसेल तर बसवून भरवा, आडवं कधीच नाही.

५० किलोला निदान ६० ग्रॅम प्रोटीन दिवसाला धरा, किडनीचा त्रास नसेल तर. ते आपल्या घरच्याच जेवणात कसं बसतं बघा: सकाळी ग्लासभर, २०० मिली दूध, सहा-साडेसहा ग्रॅम. दोन उकडलेली अंडी, बारा. दुपारी ज्वारीची भाकरी दुधात किंवा वरणात कुस्करून, दिवसभरात दोन भाकऱ्या गेल्या तर दहा-अकरा ग्रॅम, भाकरीतपण प्रोटीन आहे हे लोक विसरतात. वरण पाण्यासारखं नको, मूठभर डाळीचं, तीस ग्रॅम डाळीचं घट्ट, त्यात सात. वाटीभर दही, पाच. मूठभर शेंगदाणे भाजून त्यांचं कूट भाजीत, दह्यात, कशातही, सात-आठ. पन्नास ग्रॅम पनीर कुस्करून, नऊ. झाले जवळजवळ साठ. अंडी खात नसतील तर सोयाबीनच्या वड्या भिजवून वाटून घाला, २५ ग्रॅम कोरड्या वड्यांत बारा-तेरा ग्रॅम प्रोटीन असतं, आपल्या बाजारात स्वस्त मिळतात आणि झुणक्यात मिसळल्या तर कळत पण नाहीत.

एवढं ती एकदम खाणार नाही, मला माहितीय. आयसीयूतून आलेल्या माणसाची चव गेलेली असते, चार घासात दमतो. दिवसात सहा-सात वेळा थोडं थोडं द्या, आणि प्रत्येक वेळी प्रोटीनचा घास आधी, पेज नंतर. तिला आवडत असेल तर कुंदा द्या की, दूध आटवूनच केलेला असतो, शुगर नसेल तर चमचा-दोन चमचे दुपारी काय बिघडत नाही, तोंडाला चव येते. नाचणीची आंबील ताकातली चांगली, तिच्यात वरून दुधाची पावडर दोन चमचे ढवळा. हे सगळं करूनही पोटात निम्मं जात नसेल तेव्हाच डॉक्टरांना विचारून प्रोटीन पावडर, डब्यावर शंभर ग्रॅममागं प्रोटीन किती ते वाचून घ्या, काही डब्यांत साखरच जास्त असते.

आणि खाल्ल्यावर तिला हलवा. आधी पलंगाच्या कडेला पाय सोडून बसवा, मग धरून उभं, मग दारापर्यंत. प्रोटीन आणि हालचाल एकत्र झाली तरच मांडी भरते. वेळ लागणार, काही महिने धरून चाला, कधीकधी त्याहून जास्त, आणि मधे ती रडेल, चिडेल, तेही आजाराचाच भाग आहे. महिन्यातून एकदा वजन करा आणि खुर्चीतून हात न टेकता उठता येतं का ते बघत राहा.

प्रश्न (हुक्केरी): काकांना डायबेटिस कधीच नव्हता, फीड चालू केल्यापासून शुगर २३० दाखवायलेत, इन्सुलिन लावलंय. फीडच बंद करा म्हणून सांगू का?

नाही, फीड बंद करायला सांगू नका. एवढ्या आजारात शरीर स्वतःच शुगर वाढवतं, डायबेटिस नसलेल्यालाही, आणि स्टिरॉइड चालू असेल तर आणखी. फीड बंद केलं तर स्नायू आणखी जाईल, शुगर मात्र तेवढी उतरणार नाही. इन्सुलिन देऊन १४० ते १८० च्या मध्ये ठेवतात, त्याहून खाली ओढत नाहीत, २००९ मध्ये सहा हजारांवर पेशंटच्या अभ्यासात शुगर अगदी नॉर्मलला ओढून ठेवलेल्यांत मृत्यू जास्त निघाले म्हणून. इन्सुलिन लागलं म्हणजे जन्मभर लागणार असंही नाही. एचबीए१सी ही मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर दाखवणारी रक्ताची टेस्ट केली आहे का विचारा, त्यावरून आधीपासून लपलेला डायबेटिस होता का ते कळेल, आणि घरी गेल्यावर दोन-तीन महिन्यांनी उपाशीपोटीची शुगर परत एकदा तपासून घ्या.